माथेरानच्या गाडीला तारीख द्या

मा. महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे, मुंबई



दर वर्षी जूनच्या मध्यावर नेरळ-माथेरान गाडी घाट चढायची थांबते आणि पाऊस ओसरला की पुन्हा सुरू होते. ही सुट्टी आम्हां माथेरानकरांना मान्य आहे. सह्याद्रीचा पाऊस आम्ही अंगावर घेतलेला आहे. आमचं म्हणणं वेगळ्या बंदबद्दल आहे. दरड येते, रूळ खचतात, डबे घसरतात आणि गाडी पुन्हा कधी सुरू होणार हे विचारायला गेलं तर कुणाकडेच उत्तर नसतं, त्या बंदबद्दल.

2005 पासून हे तीनदा झालं. 26 जुलै 2005च्या पावसानं घाटातला मार्ग मोडला. गाडी परतली ती 2007 साली, तिच्या शताब्दीच्या वर्षी. मे 2016 मध्ये अमन लॉजजवळ डबे घसरले आणि सेवा थांबली. अमन लॉज ते माथेरान शटल ऑक्टोबर 2017 मध्ये आणि नेरळपासूनची गाडी जानेवारी 2018 मध्ये पुन्हा सुरू झाली. मग 2019च्या पावसाळ्यात ठिकठिकाणी रुळांखालची माती वाहून गेली, पाठोपाठ कोरोना आला, आणि नेरळहून गाडी वर यायला 22 ऑक्टोबर 2022 उजाडला. तिन्ही मिळून सहा वर्षांहून जास्त काळ घाट रिकामा होता.

हा मार्ग कसा उभा राहिला ते आपल्या दप्तरात असेलच, तरी इथे लिहितो. सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्यानं पैसा दिला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तो डोंगरात ओतला. 1904 साली काम सुरू झालं, 1907 साली गाडी वर पोचली, खर्च सोळा लाख रुपये. रुळांमधलं अंतर दोन फूट. चढ काही जागी वीस फुटांमागे एक फूट. सरळ चढणं अशक्य, म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत सुमारे एकवीस किलोमीटर फिरतात. त्या वळणांसाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून खास इंजिनं आली. वळणावर त्यांचे कडेचे आस बाजूला सरकत, म्हणून चाकं रूळ सोडत नसत. एका कुटुंबानं, त्या काळच्या अवजारांनी, तीन वर्षांत हे सगळं केलं. तयार मार्गाची दुरुस्ती 2019 नंतर त्याहून लांबली. मधल्या महासाथीची अडचण आम्ही जाणतो, पण एवढ्यानं आमचं समाधान होत नाही.

कारण आमच्या गावात मोटार येत नाही. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. तिथून पुढे पाय, घोडा, हातरिक्षा, हल्ली थोड्या ई-रिक्षा, आणि रेल्वे. साडेचार हजारांच्या आतलं हे गाव आहे, पण भाजी, दूध, सिलिंडर, सिमेंट सगळं याच वाटेनं येतं. म्हातारं माणूस आजारी पडलं तर याच वाटेनं खाली जातं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसानं माणसाला ओढायची ही पद्धत कधीच संपायला हवी होती. आता मात्र शटलवरचा आमचा भार वाढणार आहे. गाडीचा विचार पर्यटकांच्या तिकिटावर होतो, आणि हंगाम संपला की तिची निकडही संपल्यासारखी वाटते. इथं राहणाऱ्याची निकड बारा महिने असते.

2019 नंतर काँक्रीटचे स्लीपर बसवले, दरडीच्या जागी गॅबियन भिंती घातल्या. भर उन्हात कड्यावर उभं राहून ज्या कामगारांनी ते केलं त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण या डोंगरात खरा घात रुळांखाली शिरणारं पाणी करतं. मोरी तुंबली की पाणी वाट बदलतं आणि भराव घेऊन जातं. म्हणून मे महिन्यात घाटातली प्रत्येक मोरी आणि चर साफ झालेला हवा, आणि त्या पाहणीत नगरपरिषदेचा माणूस आपल्या अभियंत्यांबरोबर चालत असावा.

शटल भर पावसातही चालते, हे आपल्या माणसांनी सिद्ध केलं आहे. तिच्या पहिल्या आणि शेवटच्या फेऱ्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या वेळा बघून ठरवा. रहिवाशांना मासिक पास द्या. लगेजच्या डब्यात गावाच्या मालासाठी रोज ठरलेली जागा ठेवा.

आणि घाटातली गाडी पुन्हा कधी थांबवावी लागली, तर पंधरा दिवसांच्या आत नेरळ आणि माथेरान स्थानकांवर फलक लावा: कुठे किती नुकसान झालं, कामाला पैसे मंजूर झाले का, गाडी कोणत्या महिन्यात सुटेल. तारीख पुढे ढकलावी लागली तर तीही कारणासह त्याच फलकावर लिहा.

कळावे,
माथेरानचा एक रहिवासी