संगणकाच्या स्मृतीचें चित्र

संगणकाची स्मृति शिकवावयाची म्हटली कीं पाठ्यपुस्तकांत बहुधा एक त्रिकोण काढलेला असतो. शेंड्यावर रजिस्टर, त्याखालीं कॅश, मग मुख्य स्मृति, तळाशीं डिस्क. विद्यार्थी तो परीक्षेंत बिनचूक काढितात व पूर्ण गुणहि मिळवितात. परंतु तो उत्तम काढणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यास आपलाच प्रोग्रॅम मंद कां चालतो हें सांगतां येईना, तेव्हां दोष त्याचा नसून चित्राचा आहे असें मला वाटूं लागलें. कोणती जागा लहान व कोणती मोठी हें त्रिकोणावरून कळतें. कोठून आंकडा आणण्यास किती वेळ लागतो हें कळत नाहीं, आणि मुख्य प्रश्न तर वेळेचाच आहे.

एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असें धरून पाहावें. जवळच्या कॅशमधील आंकडा सेकंद-दोन सेकंदांत हातीं येतो. मुख्य स्मृतींतून आणण्यास सुमारें १०० सेकंद लागतात. फिरत्या चकतीच्या डिस्कला खरोखरीचे सुमारें १० मिलिसेकंद लागतात. ते या मापानें जवळजवळ चार महिने होतात! आषाढी एकादशीस मागविलेला आंकडा कार्तिकीस मिळावयाचा. हें ऐकून वर्ग हंसतो, पण विसरत नाहीं.

दुसरें चित्र चौकटींच्या कागदावर काढावें. सोळा ओळी, सोळा स्तंभ, प्रत्येक घरांत चार बाइटांचा एक आंकडा. हल्लींचे बहुतेक प्रोसेसर एका खेपेस ६४ बाइट, म्हणजे येथें एक संपूर्ण ओळ, आणितात. कॅशमध्यें चारच ओळी मावतात असें ठरवावें आणि प्रत्येक खेपेस तांबडी खूण करावयास सांगावें. आडवें वाचल्यास १६ खुणा होतात. उभें वाचल्यास २५६. काम तेंच, बेरीजहि तीच. आपल्या हातानें २५६ खुणा केलेल्या मुलास पुढें कांहीं समजावून सांगावें लागत नाहीं.

कोणी म्हणेल कीं खरा प्रोसेसर पुढील ओळ आधींच मागवून ठेवितो, तें यांत कोठें आहे? नाहीं, हें खरें. एकाच चित्रांत सर्व कोंबण्याच्या हव्यासानेंच चित्रें निरुपयोगी होतात. त्यासाठीं निराळा कागद घ्यावा.

आणि यंत्र बदललें कीं चित्रहि बदलावें. पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व १९९१ सालीं तिनें परम ८००० हा महासंगणक सिद्ध केला. त्यांत प्रत्येक प्रोसेसरची स्मृति स्वतंत्र होती. शेजाऱ्याजवळील आंकडा हवा असल्यास निरोप धाडावा लागे. तेथें एक त्रिकोण काढून भागत नाहीं. अनेक कोठारें काढावीं लागतात, त्यांमध्यें वाटा, आणि प्रत्येक वाटेवर निरोपाला लागणारा वेळ. आमच्या गांवींच घडलेल्या या यंत्राचें असें चित्र आमच्या फळ्यावर अद्याप उमटलेलें नाहीं. येत्या सहामाहींत मीं तें काढणार आहें.