पगारातून कापलेला पैसा जातो कुठे?

महिन्याची सात-आठ तारीख उलटली की आमच्याकडे एकच प्रश्न घेऊन माणसे येतात. "दादा, पगार ठरला चौदा हजार, हाती पडले साडेबारा. बाकीचे कोणी खाल्ले?" आमच्या केनवडची आणि रिसोड तालुक्यातली कितीतरी पोरे पुण्या-मुंबईला, संभाजीनगरला कंपनीत किंवा पहाऱ्याच्या कामावर आहेत. आयाबहिणी ठेकेदाराकडे साफसफाईच्या कामाला आहेत. पगाराची पावती मिळालीच तर ती इंग्रजीत असते. मग कपात म्हणजे चोरी, असा समज होतो. कधी ती खरोखर चोरी असते, तर कधी तो आपल्याच म्हातारपणाचा आणि आजारपणाचा पैसा असतो. दोन्हींतला फरक ओळखता यावा म्हणून आज हा हिशेब मांडत आहोत.

एका भगिनीचा पगार धरू. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 12000 रुपये, घरभाडे भत्ता 2000 रुपये, एकूण 14000 रुपये.

पहिली कपात भविष्यनिर्वाह निधीची, म्हणजे आपल्या बोलीत पी.एफ.ची. ती मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के होते. घरभाडे त्यात धरत नाहीत. 12000 चे 12 टक्के म्हणजे 1440 रुपये. मालकानेही तेवढेच 1440 रुपये भरायचे असतात. मालकाच्या वाट्यातील 8.33 टक्के, म्हणजे 1000 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 440 रुपये पी.एफ.मध्ये जमा होतात. म्हणून पासबुकात दर महिन्याला तीन आकडे दिसले पाहिजेत: 1440, 440 आणि 1000. हे तीन आकडे पाठ करून ठेवावेत.

दुसरी कपात राज्य कामगार विमा योजनेची, म्हणजे ई.एस.आय.ची. ही योजना जिथे लागू आहे तिथे 1 जुलै 2019 पासून कामगाराकडून 0.75 टक्का आणि मालकाकडून 3.25 टक्के असा दर ठरला. 21 नोव्हेंबर 2025 पूर्वीच्या कायद्यात ही कपात घरभाडे धरून एकूण पगारावर होत असे; पुढचा हिशेब त्याच रीतीने मांडला आहे. 14000 वर कामगाराचे 105 रुपये, मालकाचे 455 रुपये. ज्याची रोजी सरासरी 176 रुपयांपर्यंतच आहे, त्याच्याकडून काहीच घ्यायचे नाही, मालकाने मात्र आपला वाटा भरायचाच, अशीही तरतूद या योजनेत करण्यात आली.

तिसरी कपात व्यवसाय कराची. महाराष्ट्रात 2023 साली ठरलेल्या दराप्रमाणे महिलांना महिना 25000 रुपयांपर्यंत हा कर नाही. पुरुषांना 7500 पर्यंत माफ, 10000 पर्यंत 175 रुपये आणि त्यावर 200 रुपये. फेब्रुवारीत 200 ऐवजी 300 कापतात, म्हणजे वर्षाचे 2500 होतात. आपली भगिनी 14000 वर असल्याने तिची ही कपात शून्य. तिच्या पावतीवर व्यवसाय कर दिसला तर तो चुकीने कापला आहे, असे समजून लगेच विचारणा करावी.

आता बेरीज करू. 1440 आणि 105 मिळून 1545 रुपये कापले, हाती 12455 आले. हेच काम करणाऱ्या पुरुषाच्या हाती 200 रुपये कमी, म्हणजे 12255 येतील. म्हणून "साडेबारा" हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. मात्र साडेअकरा किंवा अकरा हजार हाती पडत असतील, तर कान टवकारलेच पाहिजेत.

कान टवकारायचे ते यासाठी, की काही ठेकेदार आपलाही वाटा कामगाराच्याच पगारातून काढतात. 12 टक्क्यांऐवजी 24 टक्के कापतात आणि "सरकारचा नियम आहे" असे तोंडावर सांगतात. हा नियम नाही. मालकाचा वाटा कोणत्याही मार्गाने कामगाराच्या पगारातून वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. दुसरा प्रकार याहून वाईट. पैसे कापायचे, पण भरायचेच नाहीत. कापलेला पी.एफ. किंवा ई.एस.आय.चा पैसा न भरणे हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरतो. पूर्वी दंड संहितेच्या कलम 405 मध्ये ते सांगितले होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे. ठेकेदार पळून गेला तरी ज्या आस्थापनेचे काम आपण केले, त्या मूळ मालकावर जबाबदारी येते, हेही विसरू नये.

तिसरी युक्ती म्हणजे मूळ पगार कमी दाखवून भत्ते फुगवण्याची. 16000 पगारात मूळ 7000 आणि भत्ते 9000, असे लिहिले की पी.एफ. 7000 वरच बसतो. सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. तिच्यातील वेतनाच्या व्याख्येप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. या उदाहरणात निम्मे म्हणजे 8000. भत्ते 9000, म्हणून जादा 1000 वेतनात येतील आणि हिशेब 8000 वर होईल. हाती थोडे कमी पडेल, पण मालकालाही तेवढेच जास्त भरावे लागेल.

आता प्रश्न न्यायाचा. ज्याची मिळकत जास्त त्याने जास्त टक्का द्यावा, याला चढती कपात म्हणतात. आपल्या पावतीवरील कपाती अशा आहेत काय? व्यवसाय कर पाहा. साडेदहा हजारांवर राबणारा पुरुष महिना 200 रुपये देतो आणि एक लाखवालाही 200 रुपयेच देतो. पहिल्याच्या पगाराचे जवळजवळ दोन टक्के गेले, दुसऱ्याचा टक्क्याचा पाचवा भाग. याचे कारण संविधानाच्या कलम 276 मध्ये या कराला वर्षाला 2500 रुपयांची मर्यादा आहे. 1988 च्या दुरुस्तीपूर्वी ती 250 रुपये होती. म्हणजे खालच्या पायऱ्यांवर कर चढतो आणि वर गेल्यावर थांबतो. पी.एफ.चेही असेच. 1 सप्टेंबर 2014 पासून सक्तीच्या वर्गणीसाठी 15000 रुपयांची वेतनमर्यादा ठरली. त्या मर्यादेत 12000 वाल्याचे पूर्ण 12 टक्के जातात. 50000 वाल्याने 15000 वरच वर्गणी भरली तर 1800 रुपये होतात, म्हणजे त्याच्या पगाराचे 3.6 टक्के.

ब्रिटनमध्ये 1948 साली राष्ट्रीय विमा सुरू झाला तेव्हा वर्गणी सर्वांना सारखी, सपाट होती. कमी पगाराच्या माणसाला ती जड जाई. 1975 पासून तिथे नोकरदारांची वर्गणी पगाराच्या प्रमाणात घेऊ लागले. सर्वांकडून सारखी रक्कम घेणे म्हणजे समता नव्हे, हे त्यांनाही अनुभवाने कळले.

आपल्याकडे हा विचार ई.एस.आय.मध्ये जास्त चांगला उतरला आहे. देताना पगाराच्या प्रमाणात द्यायचे आणि औषधोपचार मात्र गरजेप्रमाणे घ्यायचे. 80 रुपये भरणाऱ्याला आणि 150 रुपये भरणाऱ्याला शस्त्रक्रिया तीच मिळते. या योजनेचा पाया डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना घातला गेला. प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल 1944 साली दिला आणि त्यातूनच 1948 चा कायदा झाला. आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन आणि बाळंतपणाला 26 आठवडे पूर्ण वेतन, हे त्या पावतीवरच्या 105 रुपयांचे मोल आहे.

व्यवसाय कराबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. 1972 च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी खडी फोडली, माती वाहिली. त्या कामातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. तिला पैसा हवा म्हणून महाराष्ट्राने 1975 साली हा कर बसवला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बेकाराच्या रोजीसाठी दिलेला हा पैसा होता. म्हणून कराला आमचा विरोध नाही. लाखवाल्याने लाखाप्रमाणे द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

शेवटी घरच्या कामाचे. नोकरी सुटली की पी.एफ. सगळा काढून मोकळे होण्याची आपल्याकडे खोड आहे. त्यात पेन्शनची वर्षे बुडतात. पेन्शनला किमान 10 वर्षांची सेवा लागते. हिशेब सोपा आहे: सरासरी वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. 12000 वेतन आणि 14 वर्षे सेवा असेल तर 58 व्या वर्षानंतर महिना 2400 रुपये. ठेकेदार बदलला तरी खाते क्रमांक, म्हणजे यू.ए.एन., तोच ठेवावा आणि जुना पैसा नव्या खात्यात वळवून घ्यावा. वारसाचे नाव नोंदवले आहे की नाही, ते आजच पाहावे. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शनचा हक्क येतो. शिवाय कामगाराकडून एक पैसाही न घेता विम्याची रक्कम मिळते. तिची कमाल मर्यादा 2021 साली 7 लाख रुपये करण्यात आली. नाव नोंदवलेले नसल्याने बायकामुलांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावेत, ही पाळी आपण कोणावर येऊ देऊ नये.

घरात शिकलेली मुलगी किंवा मुलगा असेल, तर दर तीन महिन्यांनी त्यांना मोबाइलवर पासबुक उघडायला सांगावे आणि पगाराच्या पावतीशी आकडे जुळवून घ्यावेत. जुळत नसतील तर पावत्या जपून ठेवाव्यात आणि पी.एफ. कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी. एकट्याला भीती वाटत असेल तर सोबतच्या चारजणांनी मिळून सही करावी. कष्ट आपले आहेत, तेव्हा त्यांचा हिशेबही आपल्यालाच आला पाहिजे.