दरवर्षी एक क्षयमास

बदलापूरच्या नावाची एक व्युत्पत्ती तिथले जुने लोक हमखास सांगतात: स्वार इथे थांबून घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरेखोटे देव जाणे. आज मात्र मुंबईचा मराठी माणूस इथे घर बदलायला येतो. गिरगावातून दादर, दादरहून डोंबिवली, डोंबिवलीहून बदलापूर असा एकेका पिढीचा मुक्काम रुळांच्या कडेने पुढे सरकत आला. २००१च्या जनगणनेत लाखाच्या आत असलेले कुळगाव-बदलापूर २०११मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेले, आणि टॉवर त्यानंतरही उठतच आहेत.

परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत हल्ली रात्री जेवणे झाली, की कागदावर दोन रकाने आखले जातात. जमेचा रकाना भराभर भरतो. मुलीला अभ्यासाला स्वतःची खोली. गॅलरीतून दिसणारा चंदेरीचा सुळका. पावसाच्या तोंडावर भौगोलिक मानांकन मिळालेली बदलापूरची जांभळे. वाचणाऱ्याला ग्रंथसखासारखे ग्रंथालय. आणि आजींना घरातल्या घरात संडास. या शेवटच्या नोंदीला हसू नये. चाळीच्या आठवणींनी गहिवरणारे बहुतेक लोक चाळ सोडून गेलेले असतात. पहाटे बादली घेऊन रांगेत उभे राहायचे ते मागे राहिलेल्यांनी. खर्चाच्या रकान्यात कर्जाचा हप्ता येतो आणि त्याखाली एक शब्द: ‘लांब’.

लांब म्हणजे किती? बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. फास्ट गाडीलाही दीड तासाच्या आसपास लागतो. त्यात रिक्षा, जिना, फलाटावरची वाट आणि उतरल्यावरची चाल धरा. परळहून फोर्टात दारापासून दारापर्यंत चाळीस मिनिटांत पोहोचणाऱ्याला इथून दोन तास हवेत. म्हणजे जाऊन-येऊन रोजची दोन तास चाळीस मिनिटे वाढली. वर्षाचे कामाचे दिवस २७० धरले, तर ७२० तास होतात. दिवसरात्र मोजून बरोबर तीस दिवस. पंचांगात क्षयमास, म्हणजे गळून गेलेला महिना, कित्येक वर्षांतून एखादा येतो. या घरात तो दरवर्षी येणार आहे, आणि कागदावर त्याची नोंद ‘लांब’ एवढीच आहे.

हा महिना सगळ्या घराचा जात नाही, हे त्याहून महत्त्वाचे. वाण्याच्या वहीत रकमेसमोर नाव असते. आपल्या कागदावर नाव लिहायचे कोणालाच सुचत नाही. खोली मुलीची, गॅलरी आजोबांची, ‘बदलापुरात आमचा टू बीएचके आहे’ हे वाक्य बहुधा घरच्या कर्त्याचे. महिना मात्र नोकरीला जाणाऱ्यांचा, आणि त्यातही जिला निघण्याआधी डबे भरायचे असतात तिचा सर्वांत आधी. तिचा गजर साडेपाचवरून चारवर येतो. लोकलच्या महिला डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रे मोठ्या कौतुकाने छापतात. त्यात कौतुक कसले? घरी बसून शेंगा सोलायला वेळ उरला नाही, याचा तो पुरावा आहे.

‘गाड्या वाढतील की,’ असे कोणीतरी म्हणतेच. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला वर्षानुवर्षे दोनच मार्गिका आहेत. लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्यांच्यावरूनच धावायच्या. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका ज्या प्रकल्पात आहे, त्याला २०१९मध्ये मंजुरी मिळाली. मंजुरी आणि मार्गिका यांच्यामध्ये माणसाच्या नोकरीची उमेदीची वर्षे सहज मावतात. बदलापूरहून सुटणारी गाडी रिकामी मिळेल, हीही आशाच. अंबरनाथचे लोक डाउनच्या गाडीने उलटे येऊन आधीच बसलेले असतात आणि उरलेली चौथी सीट ग्रुपवाल्यांची. दारात लटकण्याचा अर्थ काय होतो, ते ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून प्रवासी रुळांवर पडून दगावले, तेव्हा सगळ्यांनी पाहिले आहे.

एवढे असूनही, जाऊ नका असे आमचे म्हणणे नाही. तीन पिढ्या एका खोलीत कोंबून मुंबईचा अभिमान बाळगावा, असे सांगणारे आम्ही कोण? तक्रार आहे ती घर पाहण्याच्या पद्धतीची. बिल्डरची गाडी रविवारी सकाळी अकराला स्टेशनवर उभी असते. रस्ते मोकळे, सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी आणि हातात थंड सरबत. रविवारी अकराला कुठलेही गाव रम्यच दिसते. घर घ्यायचेच, तर मंगळवारी सकाळी सातला फलाटावर उभे राहावे, आणि तेही जुलैत. उल्हास नदी सोसायटीपासून किती दूर आहे, हे ब्रोशरमधल्या नकाशावर कळत नाही. २७ जुलै २०१९ला तिच्याच पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून हजारावर प्रवासी सोडवून आणावे लागले होते. पाणी कुठवर चढले होते, ते नदीकाठच्या सोसायटीचा वॉचमन बोट लावून दाखवतो. एजंट दाखवत नाही.

त्याहून बरे म्हणजे आधी तिथे भाड्याने राहून पाहावे. परळची खोली तोवर विकू नये. एकदा सुटलेली खोली पुन्हा त्या भावात कोणी देत नाही. मुलीची शाळा, आजोबांचा कट्टा, चार वाजताचा गजर यांची एका पावसाळ्यात पुरेशी परीक्षा होईल. भाडेकरार नेहमीप्रमाणे अकरा महिन्यांचाच होईल. हिशेबाने तेही बरोबर आहे. जिचा गजर चारला वाजतो, तिला त्या घरात राहायला वर्षाकाठी तेवढेच महिने मिळणार आहेत.