नव्या चिमणीचा वास

दिवाळीच्या आधी आमच्या स्वयंपाकघरात एकदाची विजेची चिमणी बसली. फोडणीचा ठसका गेला, पण त्याच्या जागी एक निराळाच वास येऊन बसला. ‘नवी वस्तू म्हटली की यायचाच,’ असं हे म्हणाले. मलाही शाळेची घाई. चार दिवस ओट्यावर उदबत्ती लावून भागवलं.

खरं म्हणजे हा एक वास नसतोच. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर तो बरेचदा पाइपाभोवती, भिंतीच्या भोकात भरलेल्या सिलिकॉनचा. ते वाळताना व्हिनेगरमधलंच आम्ल बाहेर सोडतं. खिडकी उघडी ठेवून दोन-तीन दिवस धीर धरायचा, दुसरा उपाय नाही.

दुसरा वास तेलकट, शिवणाच्या मशीनसारखा. पत्र्यावर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं, ते शेगडीच्या धगीने जास्तच जाणवतं. जाळ्या काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवाव्यात आणि पुऱ्या कोरड्या करून बसवाव्यात. जाळी ॲल्युमिनियमची असेल तर धुण्याचा सोडा मुळीच नको, काळी पडते. (माझी एक पडली आहे.) मग शेगडी न पेटवता चिमणी मोठ्या वेगावर अर्धा तास चालवावी. त्या वेळी खिडकी किंवा दार उघडं हवं. सगळं बंद केलं तर ती हवा ओढणार कुठून? पाइपात फिनेल, अत्तर असलं काही ओतू नका, खाली मोटर असते.

एवढं सगळं झालं तरी आमच्याकडे ओट्याखाली वास राहिलाच. शेवटी सासूबाई वाकून म्हणाल्या, “अगं, हा चिमणीचा नव्हे. कुजक्या कोबीसारखा येतोय.” चिमणी बसवणाऱ्याने शेगडी सरकवली होती, तेव्हा गॅसची रबरी नळी ओढली जाऊन सैल झाली होती! गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. आणि मी तिथेच काडी ओढून उदबत्ती लावत होते. आठवलं की अजून हातपाय गार पडतात.

चिमणी आहे, ती ओढून नेईल, असं समजू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. शिवाय बटण दाबताना ठिणगी उडू शकते. म्हणून चिमणी, दिवा, पंखा, काही लावू नये आणि चालू असेल ते बंदही करू नये. आधी रेग्युलेटर बंद करावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, मुलांना घेऊन बाहेर पडावं आणि बाहेरूनच १९०६ या नंबरावर फोन करावा.

आम्ही नळीच बदलली. ती ५ वर्षांनी बदलायची असते, वर्ष तिच्यावरच छापलेलं असतं. आमची सात वर्षांची निघाली. तुमची कधीची आहे, ते आज ओट्याखाली वाकून बघाच.