पेंटरच्या नाकाला एन-95 पुरत नाही

मास्कचा तुटवडा पडला तेव्हा, 13 मार्च 2020 रोजी, केंद्र सरकारने दुपदरी, तिपदरी आणि एन-95 मास्क जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले. ते योग्यच होते. आठवडाभरातच आमच्या रायपुरात छत्तीसगडचा पहिला करोना रुग्ण सापडला आणि एम्समधल्या डॉक्टर-परिचारिकांना त्या मास्कची गरज होतीच. पण त्या काळाने एक समजूत मागे ठेवली: एन-95 लावला की छाती सुरक्षित. रिंगरोडवरच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांपासून उरला-भनपुरीच्या फॅब्रिकेशन शेडपर्यंत ही समजूत आजही पक्की आहे. रंगाची गन चालवणाऱ्या पोराच्या तोंडावर गमछ्याऐवजी एन-95 दिसला की मालकाला आपले कर्तव्य झाल्यासारखे वाटते.

एन-95 कण अडवतो, वाफ अडवत नाही. थिनरमधले टोल्यूइन, झायलीन त्यातून सरळ आत जातात. मास्क लावूनही थिनरचा वास येतो, हा त्याचा रोजचा पुरावा. म्हणून मास्क शोधायला निघण्याआधी डब्यावर काय लिहिले आहे ते वाचावे. पाण्यात कालवलेला रंग असेल, जसा दुर्गजवळच्या थनौदचे मूर्तिकार मातीच्या गणपतीवर मारू शकतात, तर प्रश्न फवाऱ्यातल्या कणांचा आहे आणि तिथे एन-95 किंवा एफएफपी-2 चालतो. एनसी, मेलामाइन, सिंथेटिक इनॅमल अशा थिनरच्या रंगाला मात्र रबरी अर्धमुखवटा, कोळशाचे कार्ट्रिज आणि त्यापुढे कणांसाठी प्रीफिल्टर हवा, नाहीतर रंगाच्या धुक्याने कार्ट्रिज लवकर चोंदते. सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजवर युरोपीय खुणेत तपकिरी पट्टा आणि ‘ए’ अक्षर असते, अमेरिकन खुणेत काळा पट्टा. दुकानदार दुसऱ्याच रंगाचा पट्टा ‘यही चलेगा’ म्हणत पुढे करत असेल, तर घेऊ नये.

सगळ्यात फसवा प्रकार टू-के पीयूचा, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या रंगाचा. गाडीची आजची चकाकी त्याचीच. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. ते एकदा छातीला बाधले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही दमा उसळू शकतो, आणि ज्याला बाधले त्याला बहुधा तो धंदाच सोडावा लागतो. थिनरचा वास निदान सावध तरी करतो. आयसोसायनेटचा वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते, त्यामुळे कार्ट्रिज संपले हे नाकाला कळत नाही. या कामाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटाच हवा. त्यातही आपल्याकडचा जुगाड आडवा येतो. गनच्याच कंप्रेसरची नळी तोंडाकडे वळवली की तेलाची वाफ, प्रसंगी कार्बन मोनॉक्साइडही श्वासात जाते. श्वासाची हवा वेगळी गाळावी लागते.

‘पण माल मिळत नाही,’ असे उत्तर येते. तुटवडा खरा असतो, हे मान्य. माझा आक्षेप त्यापुढच्या वाक्याला आहे: ‘म्हणून जे मिळेल ते लावून काम उरकू.’ थिनरच्या कामाला एन-95 मुळात पुरतच नाही, म्हणजे तुटवड्यात पेंटरने तो पळवला तर दवाखान्याचा मास्क जातो आणि पेंटरच्या पदरात काहीच पडत नाही. हवा पुरवणारा मुखवटा मिळेपर्यंत टू-केची गन बंद ठेवावी. ग्रिल आणि गेट ब्रशने रंगवता येतात. धुके उडत नाही, म्हणून धोका पुष्कळ घटतो. वाफ उरतेच, तेव्हा काम उघड्यावर करावे. गाडी चार दिवस प्रायमरवर उभी राहिली तर मालकाचे काय बिघडते? आणि असलेले कार्ट्रिज सुटीच्या वेळी खिळ्याला टांगू नये. कोळसा हवेतली वाफ आणि ओल शोषत राहतो. ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, श्रावणात तर नक्कीच. दाढी वाढवून मुखवटा लावणे म्हणजे तर कडेने दार उघडे ठेवणे.

हे सगळे पेंटरच्या शहाणपणावर सोडून भागणार नाही. 1948 च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणारी जागा साधारणपणे दहा कामगारांपासून ‘कारखाना’ ठरत होती. 2020 च्या कामगार सुरक्षा संहितेने तो आकडा वीसवर नेला. दोन मिस्त्री आणि एक पोऱ्या असलेले गॅरेज आधीही बाहेर होते, आता आणखी लांब गेले. म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. राज्याच्या औद्योगिक आरोग्य व सुरक्षा विभागाने पुढच्या टंचाईआधी कार्ट्रिज आणि प्रीफिल्टरचा साठा कुठे, किती, हे ठरवावे; 2020 च्या त्या यादीत कार्ट्रिजचे नावही नव्हते. आणि विमा कंपन्यांनी रंगकामाच्या बिलात कार्ट्रिजची वेगळी ओळ मंजूर करावी. रंग, थिनर, मजुरी असे सगळे त्यांच्या अंदाजपत्रकात मांडले जाते. पेंटरच्या श्वासाचा खर्च तेवढा गॅरेजवाल्याच्या मर्जीवर का?

— एक वाचक, तात्यापारा, रायपूर