नाट्यगृहाआधी तालीमघर



संगीत नाटक या साहित्यप्रकाराचा अभ्यास करताना तुमच्या हाती असते ती छापील संहिता. तिच्यातील कथानक, पात्रे, संवाद आणि पदे यांचा विचार तुम्ही करता. तो करायलाच हवा. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाचे शब्द छापलेले असतात, फार तर राग आणि ताल यांचा निर्देश असतो. चाल, साथ, गाणाऱ्याचा दमसास आणि पद संपल्यावर गद्याकडे परतण्याची नेमकी जागा या गोष्टी पुस्तकात नसतात. त्या कोठे घडतात? त्या घडतात तालमीत. मोठे संगीत नाटक उभे राहते ते तालमीमुळे, आणि आज त्याची वाट अडली आहे तीही तालमीच्या अभावी, असे माझे मत आहे. हे मत तुम्ही तपासून घ्यावे, यासाठी हा लेख.

आरंभ परंपरेपासून करू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. तो संपूर्ण नाटकाचा नव्हता. पहिले चार अंकच त्या दिवशी सादर झाले. वाङ्मयाच्या इतिहासात ही नोंद एका ओळीत संपते. पण नाटक उभे करणाऱ्याच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. त्याआधीच्या मराठी नाटकात गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधार वाहत असे. किर्लोस्करांनी पदे पात्रांच्या तोंडी दिली. त्यामुळे प्रत्येक प्रमुख नट गाता असणे आवश्यक झाले आणि गाणे व अभिनय यांची सांगड घालण्याचे नवे काम निर्माण झाले. पदांची संख्या दोनशेच्या आसपास असलेले नाटक असे बसवायचे, तर जेवढे पक्के झाले तेवढेच आधी प्रेक्षकांपुढे ठेवणे हा शहाणपणाच होता. आणखी एक गोष्ट विसरू नका. हे धाडस करणारे किर्लोस्कर महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरी करणारे गृहस्थ होते.

पुढील पिढीत या नाट्यप्रकाराचे वैभव वाढले. १९११ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या होत्या. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. त्यात भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते आणि धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर आले, हीच बहुधा आपण या प्रयोगाची आठवण म्हणून सांगतो. पण विचार करा, दोन वेगळ्या मंडळ्यांत घडलेले, आपापल्या साथीदारांची सवय असलेले हे दोन गायक नट एकमेकांशी जुळवून घेऊ शकले ते कशाच्या बळावर? प्रत्येक मंडळी हे एक चालते-फिरते तालीमघरच होते. नट, वादक, पडदे रंगवणारे, आचारी सारे एकत्र राहत आणि एकत्र प्रवास करीत. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष यांच्यासारखे वादक होते. असे कलावंत रोज सोबत असले म्हणजे तालीम हा वेगळा कार्यक्रम उरत नाही. तो दिनक्रमच होतो. ही व्यवस्था खर्चिक होती, आणि मंडळ्या कर्जात बुडाल्या त्यालाही ती काही अंशी कारण झाली, हेही नाकारता येत नाही.

मंडळ्या गेल्या. मग मोठे संगीतप्रधान नाटक अशक्य झाले का? याचे उत्तर १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात मिळाले. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ त्या दिवशी प्रथम सादर झाले. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. या नाटकाला भव्य नेपथ्याची गरज पडली नाही. ओळीने उभी राहिलेली, गाणारी, डुलणारी माणसे हाच त्याचा पडदा आणि हीच त्याची भिंत होती. ती माणसे वळली की स्थळ बदलत असे. कोकणातील खेळ्यांच्या परंपरेशी या रचनेचे नाते आहे. अशा रचनेत एकाचे पाऊल चुकले तर भिंतीलाच तडा जातो; म्हणून तिची सारी भिस्त तालमीवर असते. आणि ही तालीम करणारी माणसे कोण होती? जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ होते. नाना फडणवीसांची भूमिका करणारे मोहन आगाशेही वैद्यकाच्याच क्षेत्रातले. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून उरलेल्या वेळात नाटक करणारी ही मंडळी होती.

आता या उदाहरणांचा तुमच्याशी असलेला संबंध पाहा. तुम्ही नोकरी, घर, मुलेबाळे सांभाळून पदवीचा अभ्यास करीत आहात. कचेरीतले किर्लोस्कर आणि दवाखान्यातले पटेल तुमच्याच जातकुळीतले आहेत. मराठीतील मोठी संगीत नाटके उभी करणाऱ्यांत संध्याकाळनंतरचा वेळ वापरणारी माणसे वारंवार दिसतात. म्हणूनच विचारले पाहिजे की आज त्या संध्याकाळचे काय झाले?

वसई-विरारचे उदाहरण घेऊ. २०११च्या जनगणनेनुसार या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. पहाटे गाडी पकडून रात्री परतणाऱ्या माणसाजवळ उरतात ते दीड-दोन तास. दुसरीकडे, या परिसराइतका गाता मुलूख विरळाच म्हणावा लागेल. येथील चर्चमध्ये मराठी भक्तिगीते गाणारे गायनवृंद आहेत. गावोगावी भजनी मंडळे आहेत. दक्षिण कोकणातून येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी नमन-खेळ्यांची आणि दशावताराची आवड सोबत आणली आहे. पालघर जिल्ह्यातील वारली समाजाचा तारपा तर माणसांची साखळी एका सुरावर कशी फिरते याचा वस्तुपाठच आहे. गळा आहे, ताल आहे, समूहाने हलण्याची सवय आहे. मोठे संगीत नाटक उभे करायला लागणारी माणसे येथे आहेत. ती एकमेकांना भेटतील अशी जागा मात्र सहजी मिळत नाही.

वाढत्या शहरांत सांस्कृतिक विकासाचा विषय निघाला की भव्य नाट्यगृहाची मागणी पुढे येते. ती चुकीची नाही. चांगला प्रयोग पाहण्यासाठी बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा दादरचे शिवाजी मंदिर गाठावे लागणे आणि तिसऱ्या अंकात घड्याळाकडे पाहत बसणे कोणाला आवडेल? परंतु नाट्यगृह बाहेरून आलेला तयार प्रयोग दाखवते. गावातला प्रयोग घडवत नाही. तो घडतो चार भिंतींच्या, साध्या, रात्री आठनंतर उघड्या असलेल्या खोलीत. शाळांचे वर्ग आणि समाजमंदिरे रात्री रिकामी असतात. प्रत्येक प्रभागात अशी एक जागा, एक पेटी, एक तबल्याची जोडी आणि परवडणारे भाडे एवढी सोय झाली, तरी पुष्कळ होईल. उद्‌घाटनाची फीत कापण्यासारखे त्यात काही नाही, आणि कदाचित म्हणूनच ही मागणी कोणी करीत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, तंत्रज्ञानाच्या काळात इतकी तालीम हवीच कशाला? संगीत ध्वनिमुद्रित करता येते. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’ या महानाट्यात संवादही आधी मुद्रित केलेले असत. हत्ती, घोडे, शंभरावर कलावंत आणि मैदानभर प्रेक्षक अशा प्रयोगाला त्याचा उपयोगच झाला. हा आक्षेप मी अंशतः मान्य करतो. उघड्या मैदानावर दुसरा उपाय नसतो, आणि वादकांचा खर्च न परवडणाऱ्या हौशी संस्थेला दोष देणेही योग्य नाही. तथापि मुद्रित संगीत नटासाठी थांबत नाही. प्रेक्षकांची दाद आली म्हणून एखादी ओळ पुन्हा घ्यावी, आवाज बसला म्हणून पट्टी उतरवावी, ही मुभा त्यात नाही. संगीत नाटकाचे जिवंतपण बरेचसे या मुभेत असते. दुसरा आक्षेप असा की, मोठ्या आकाराचा हट्ट कशासाठी? प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ दोनच स्त्री-पात्रांवर उभे आहे आणि प्रेक्षकांनी ते मनापासून स्वीकारले. हे खरे आहे. पण दोन पात्रांच्या नाटकात दोघींना संधी मिळते. समूहाच्या नाटकात शेजारच्या इमारतीतला रिक्षाचालक, परिचारिका आणि शिक्षक एका ओळीत उभे राहतात. दिवसभर गाडीच्या गर्दीत एकमेकांना ढकलणारी माणसे रात्री एकाच मात्रेवर पाऊल टाकायला शिकतात. नव्याने वसलेल्या शहराला याची गरज अधिक आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पुढच्या वेळी संगीत नाटकाची संहिता वाचाल, तेव्हा तिच्याकडे अनेकांना दिलेली कामाची यादी म्हणूनही पाहा. एखादा प्रवेश निवडा. पद सुरू होण्यापूर्वीच्या वाक्यात नटाला सूर घ्यायला उसंत दिली आहे का? पद चालू असताना रंगमंचावरील इतर पात्रे काय करीत असतील? पडदा पडल्यावर वेशभूषा बदलायला मधल्या प्रवेशाने किती वेळ दिला आहे? नाटककाराचे कौशल्य अशा जागी दडलेले असते आणि केवळ वाङ्मयीन वाचनात ते निसटते.

शक्य असेल तर अभ्यासकेंद्रातील चार-पाच सहाध्यायी मिळून तो प्रवेश मोठ्याने वाचा. कोणाला गाता येत असेल तर त्याला एखाद्या पदाला साधी चाल लावू द्या. त्यासाठी जागा शोधावी लागेल, वेळ जुळवावी लागेल, कोणीतरी उशिरा येईल आणि पुन्हा आरंभापासून वाचावे लागेल. हाच तालमीचा पहिला दिवस. आणि जागा मिळाली नाही, तर ती का मिळत नाही हा प्रश्न तुमच्या प्रभागात विचारा. तोही मराठी रंगभूमीच्या अभ्यासाचाच भाग आहे.