घाम झाकायचा की सुवास लावायचा?

काखेत आग होते, खाज येते म्हणून दाखवायला येणाऱ्या तरुणाला माझा पहिला प्रश्न असतो, ‘डिओ दिवसातून किती वेळा मारतोस?’ तो आधी लाजतो, मग सांगतो: सकाळी, दुपारी, आणि संध्याकाळी मालवणात जायचं असेल तर परत. आपल्याकडच्या दमट हवेत हे समजण्यासारखं आहे. पण घामावर सुगंध मारल्याने घामाचा वास जात नाही. दोन्ही मिसळून तिसराच वास तयार होतो.

ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या ग्रंथींचा स्राव त्वचेवरचे जीवाणू फोडतात, तेव्हा कुबट वास सुटतो. म्हणून साबण लावून आंघोळ, काख नीट कोरडी करणं आणि सुती गंजी ही पहिली पायरी. खाज आधीच असेल तर तो नायटा असू शकतो किंवा सुगंधी द्रव्याची ॲलर्जीही. त्यावर मेडिकलमधून स्टिरॉइडचं मलम आणून चोळलं तर नायटा पसरतो. आधी दाखवा, बाटली नंतर घ्या.

मासळीच्या धंद्यातल्या मुलांची अडचण वेगळी. वर्गात कोणी नाक मुरडलं की ते घरी येऊन अर्धी बाटली अंगावर ओततात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, रसायनशास्त्र आहे. मासा ठेवणीत राहिला की त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होतं. ते अल्कधर्मी असतं, त्यामुळे आंबटाने त्याचा वास दबतो. माशाला आगळ किंवा लिंबू लावतात त्यात चवीइतकाच हाही उपयोग असतो. हातालाही लिंबू चोळा, पण उन्हात जाण्यापूर्वी साबणाने धुऊन टाका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लिंबाच्याच जातीच्या बर्गमॉट फळाचं तेल अनेक पुरुषी सुगंधांत वापरतात. तेही शुद्ध न करता वापरलं तर असंच करू शकतं. भर उन्हात दुचाकीवरून धामापूरहून मालवणला निघालेल्याने मानेवर फवारा मारण्यापेक्षा शर्टावर मारावा. (पांढऱ्या शर्टावर नको, डाग पडतो.)

आता निवड. दुकानात बाटलीचं तोंड हुंगून ठरवू नका, तेव्हा नाकात मुख्यतः अल्कोहोल आणि सगळ्यात आधी उडणारे घटक जातात. मनगटावर थोडं लावा, दुकानाबाहेर जाऊन चहा घ्या, अर्ध्या तासाने पुन्हा हुंगा. उरलेला वास तुमचा. एका वेळी दोन-तीनच पाहा, नाक लवकर थकतं. याच कारणाने लावणाऱ्याला स्वतःचा सुगंध काही वेळाने येईनासा होतो आणि तो आणखी मारतो. किती मारायचं ते घरातल्या माणसाला विचारा.

अत्तरात अल्कोहोल नसलं तरी ते निर्धोक असतं असं नाही. वनस्पतींपासून काढलेल्या तेलांतले लिनालूल, लिमोनीन यांसारखे घटक हवेशी संयोग पावल्यावर ॲलर्जी करू शकतात. युरोपीय संघाने अशा 26 सुगंधी घटकांची नावं वेष्टनावर छापणं बंधनकारक केलं आणि 2023 मध्ये ती यादी 80 च्या वर नेली. मनगटावर लाली आली तर तो सुगंध कितीही महागाचा असो, तुमचा नव्हे.

‘मुली मागे येतात’ छापाच्या जाहिरातींबद्दल काय बोलावं! जून 2022 मध्ये एका डिओच्या जाहिराती इतक्या ओंगळ होत्या की केंद्र सरकारला त्या काढायला लावाव्या लागल्या. माणसात असं आकर्षण करणारं रसायन अजून सिद्ध झालेलं नाही. बाटलीवर ‘फेरोमोन’ लिहिलं असेल तर पैसे खिशातच ठेवा.

आणि एक. उग्र सुगंधाने दमेकऱ्याला धाप लागू शकते. पावसात काचा बंद केलेल्या एसटीत शेजारी कोण बसणार हे आपल्याला ठाऊक नसतं. वॉर्डात रुग्णाला भेटायला येताना तर काहीच लावून येऊ नका.